गांडुळाचे बीळ आणि विहिरीचे पाणी

गेल्या जुलैत नववीच्या वर्गात गांडूळ शिकवत होतो. गांडूळ माती भुसभुशीत करते, त्याच्या बिळांमुळे हवा आणि पाणी खाली जाते, म्हणून ते शेतकऱ्याचे मित्र, एवढे सांगून मी फळा पुसायला वळलो. मागच्या बाकावरच्या एका कॅडेटने हात वर केला. मुलगा शिरोळ तालुक्यातला, घरी ऊस. म्हणाला, "सर, बिळातून पाणी खाली जातं म्हणजे पाण्यात जे असेल तेही जाणार ना? आम्ही उसात तणनाशक मारतो. मग ते गांडुळांच्याच वाटेनं आमच्या विहिरीत येतं का? आज्जी अजून त्याच विहिरीचं पाणी पिते."

मी "उद्या सांगतो" म्हणालो. शिक्षक उद्या सांगतो म्हणाले, की वर्गाला काय समजायचे ते समजते.

त्या रविवारी बनशंकरीतल्या घराच्या परसात मी एक प्रयोग केला. तो कोणालाही करता येईल, म्हणून सविस्तर लिहितो. तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, त्यांचे तळ कापून काढले. एक डबा नारळाच्या झाडाखाली, जिथे वर्षानुवर्षे पाला कुजतो आहे आणि गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या रोज सकाळी दिसतात, तिथे मातीत चार बोटे ठोकून बसवला. दुसरा स्कूटर उभी करतो त्या तुडवलेल्या जागेत. दोन्हींमध्ये एकेक बादली निळे पाणी ओतले. निळे म्हणजे मिठाईत घालतात तो खाण्याचा निळा रंग. मृदाशास्त्रज्ञही मातीतील पाण्याची वाट शोधायला 'ब्रिलियंट ब्लू' हा खाण्याचाच रंग वापरतात, कारण तो लाल मातीत चटकन दिसतो आणि विषारी नसतो.

स्कूटरच्या जागेतले पाणी संध्याकाळपर्यंत डबक्यासारखे साचून राहिले. नारळाखालची बादली मी कुदळ आणायला जाऊन येईपर्यंत रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही जागी बाजूने खड्डा खणून मातीची उभी भिंत नीट तासली. (शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारले, काही पुरताय का? मी "एरेहुळ" म्हणालो. गांडुळाला कन्नडमध्ये हाच शब्द आहे. त्यांचे समाधान झाले असे वाटले नाही.) तुडवलेल्या जागी तीन-चार बोटांचा निळा पट्टा, खाली सरळ रेघ, मग कोरडी लाल माती. नारळाखाली मात्र वरचा निळा पट्टा जेमतेम दोन बोटांचा आणि त्यातून खाली उतरलेल्या निळ्या शिरा. एक शीर दीड फुटापर्यंत गेली होती. तिच्या दोन्ही बाजूंची माती साफ लाल, पाण्याचा स्पर्शही नाही. शीर फोडून पाहिली तर आत पेन्सिलीहून बारीक, गुळगुळीत बीळ.

म्हणजे कॅडेटची शंका खरी होती. पाणी मातीतून सगळीकडून सारखे झिरपत नाही, त्यालाही हमरस्ते असतात.

हे रस्ते इतके वेगवान का, याचा हिशेब अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे. बारीक नळीतून वाहणारे पाणी तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ०.०५ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आणि ५ मिलिमीटर व्यासाचे बीळ यांत व्यासाचा फरक शंभरपट, पण प्रवाहाचा फरक शंभराचा चौथा घात, म्हणजे दहा कोटीपट. कागदावर तरी एक बीळ दहा कोटी बारीक छिद्रांचे काम करते. प्रत्यक्षात बीळ क्वचितच काठोकाठ भरून वाहते आणि मध्येच वळते, बुजते, त्यामुळे आकडा खूप खाली येतो. तरीही मातीच्या अंगातून पाणी दिवसाला काही सेंटिमीटर सरकते, तर बिळातून तेवढे अंतर ते काही सेकंदांत कापते.

ही गोष्ट नवी नाही. चार्ल्स डार्विनचे गांडुळांवरचे पुस्तक १८८१ मध्ये निघाले. इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकरी दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा अंदाज होता. पुढच्याच वर्षी रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातील लॉज, गिल्बर्ट आणि वॉरिंग्टन यांनी शेताखालून निघणारा निचरा तपासून लिहिले, की हे पाणी दोन तऱ्हांचे असते : मोठ्या उघड्या वाटांनी घाईघाईने येणारे आणि मातीच्या अंगातून सावकाश पाझरणारे. दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी पडून होते, पण शेतीतली रसायने भूजलात कशी पोहोचतात हा प्रश्न ऐरणीवर येईपर्यंत त्यांची सांगड घालण्याची कोणाला फारशी गरज वाटली नाही.

आता पुढचा भाग महत्त्वाचा, आणि बहुतेक पाठ्यपुस्तके तो गाळतात. बीळ नेहमी वाहत नाही. बारीक छिद्रे पाणी धरून ठेवतात, जशी स्पंज धरतो. पाऊस हलका असेल तर सगळे पाणी या छिद्रांतच मुरते आणि बीळ कोरडे राहते. पावसाचा जोर मातीच्या मुरवण्यापेक्षा वाढला, वर पाण्याचा पातळ थर साचला, की मगच पाणी बिळाच्या तोंडात शिरते. त्यामुळे तणनाशकाचे काय होणार हे फवारणीनंतरचा पहिला पाऊस ठरवतो. फवारणी झाली आणि त्याच संध्याकाळी वळवाने झोडपले, तर वरचे ताजे औषध पाण्याबरोबर थेट बिळात उतरते. याउलट आधी एक हलकी सर किंवा हलके पाणी मिळाले, तर औषध मातीच्या कणांत शिरून बसते. नंतर मोठा पाऊस आला तरी तो बिळातून निघून जातो आणि कणांत दडलेल्या औषधाला फारसा हात लावत नाही. तेच बीळ पहिल्या वेळी चोरवाट ठरते आणि दुसऱ्या वेळी औषधाला बगल देणारा वळणरस्ता.

शिवाय बीळ म्हणजे प्लॅस्टिकचा पाइप नव्हे. गांडूळ ये-जा करताना भिंतीला चिकट स्राव आणि विष्ठा लिंपत जाते. या लिंपणात आसपासच्या मातीपेक्षा सेंद्रिय कर्ब जास्त, जिवाणू पुष्कळ. मार्सेल बूशे या फ्रेंच संशोधकाने १९७५ मध्ये गांडुळाच्या प्रभावाखालच्या या मातीला 'ड्रिलोस्फिअर' असे नाव दिले. सेंद्रिय कर्बाला चिकटणारी औषधे इथे अडकतात आणि काही जिवाणू ती कुरतडतातही. पाणी सावकाश गेले तर गाळणी चांगली चालते, लोंढा आला तर तिला वेळच मिळत नाही.

गांडुळेही सगळी सारखी नसतात. पाल्यापाचोळ्यात वरच राहणारी, मातीत आडवीतिडवी हिंडणारी आणि उभे खोल बीळ करून रात्री वर येऊन पाला ओढून नेणारी, असे ढोबळ तीन गट बूशेनेच केले. पाण्याला खाली नेण्याचे काम मुख्यतः तिसऱ्या गटाचे. युरोपातले मोठे गांडूळ दोन मीटरपर्यंत खाली जाते. आपल्याकडची बहुतेक गांडुळे वरच्या फूट-दीड फुटातच वावरतात, उन्हाळ्यात ओल शोधत आणखी खाली जातात. खतासाठी विकत मिळतात ती आफ्रिकन किंवा लाल गांडुळे पहिल्या गटातली. ती शेतात सोडून जमीन पोखरली जाईल ही अपेक्षा आणि विहीर बिघडेल ही भीती, दोन्ही व्यर्थ. ती पाल्याशेणाच्या ढिगातच रमतात.

मग गांडुळे नसलेलीच बरी का? अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोशॉक्टन येथे शेतीच्या पाणलोटांवर अनेक दशके मोजमाप झाले. नांगरट बंद करून वर धसकटे ठेवलेल्या शेतात गांडुळांची बिळे टिकली आणि शेतावरून वाहून जाणारे पाणी जवळजवळ थांबले. नांगरलेल्या शेतातून पाणी माती आणि औषध घेऊन ओढ्याला जात होते. तेव्हा हिशेब असा आहे, की गांडूळ वरून वाहणे कमी करते आणि खाली उतरणे वाढवते. ओढा आणि विहीर या दोघांपैकी कोणाला जपायचे, हे त्या त्या गावाच्या भूगोलावर अवलंबून.

शिरोळचा भूगोल आमच्या बनशंकरीपेक्षा अगदी निराळा. इथली तांबडी माती कोरडी झाली तरी फार फाटत नाही, त्यामुळे तिच्यातल्या वाटा मुख्यतः मुळांच्या, वाळवीच्या, मुंग्यांच्या आणि गांडुळांच्या. कृष्णा-पंचगंगेकाठची काळी जमीन मात्र उन्हात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, कधी मीटरभर खोल. उसाला पाणी मिळत असते तोवर भेगा कमी. पण पाण्याची पाळी लांबली किंवा शेत पड राहिले, की वळवाचे पहिले पाणी त्या भेगांतून जे काही वर असेल ते घेऊन खाली जाते. माती फुगून भेग मिटते, पण तोवर पाणी गेलेले असते. म्हणून त्या कॅडेटला मी आधी सांगितले, की तुमच्याकडे पहिला संशय भेगेवर घ्यायचा, गांडुळावर नंतर.

त्याने तणनाशकाचे नाव सांगितले, ॲट्राझिन. उसात आणि मक्यात ते सर्रास वापरतात. ते मातीला सैलसरच चिकटते आणि आठवड्यांमागून आठवडे टिकते, म्हणजे खाली उतरण्याचे दोन्ही गुण अंगी आहेत. ते भूजलात सापडू लागल्यामुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची परवानगी काढून घेतली. याउलट काही औषधे मातीला इतकी घट्ट धरून बसतात, की विरघळून खाली जाणे त्यांना जमतच नाही. ती हलतात ती मातीच्या कणांबरोबर, वाहत्या गाळातून किंवा एखाद्या प्राण्याच्या पोटातून.

पोटातून जाण्याची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट अमेरिकेतली. एल्म वृक्षांचा रोग पसरवणारे भुंगेरे मारायला त्यांच्यावर डीडीटी फवारले. पाने गळली, गांडुळांनी खाल्ली, डीडीटी त्यांच्या अंगात साठले. गांडुळे जगली. वसंतात रॉबिन पक्ष्यांनी ती गांडुळे खाल्ली आणि पक्षी मेले. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला पुरेशी होती, असा हिशेब रॅचेल कार्सन यांनी १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये दिला आहे. इथे विष खाली न जाता वर गेले, जमिनीतून झाडावरच्या घरट्यात.

जड धातूंचेही असेच. आमच्या घरापासून जवळच्या बसवनगुडीतल्या नंदीच्या पायातून वृषभावती उगम पावते अशी श्रद्धा आहे. आज तिच्यात वाहते ते शहराचे सांडपाणी आणि पीण्याकडच्या कारखान्यांचे पाणी. ती केंगेरीवरून बिडदीजवळच्या ब्यारमंगल तलावात जाते, पुढे अर्कावतीला आणि मग कावेरीला. तलावाखालच्या आणि नदीकाठच्या शेतांत हेच पाणी भात, चारा, तुती आणि भाज्यांना दिले जाते. अनेक अभ्यासकांना तिथल्या मातीत आणि पालेभाज्यांत शिसे, कॅडमियम, जस्त असे धातू आढळले आहेत. बाजारात सोप्पू, म्हणजे पालेभाजी, घेताना मी आता कुठली म्हणून विचारतो. नेहमी खरे उत्तर मिळते असे नाही.

हे धातू ॲट्राझिनसारखे विरघळून खाली धावत नाहीत. बरेचसे मातीच्या वरच्या वीतभर थरात चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थाला धरून बसतात. तांबड्या मातीची पकड काळीपेक्षा कमजोर, तरी शिसे सहसा हलत नाही. कॅडमियम जास्त चंचल. या थरात गांडुळे काय करतात? खालची माती खाऊन वर टाकतात, वरची खाली ओढतात, म्हणजे वर्षानुवर्षे थर कालवत राहतात. त्यांच्या आतड्यातून गेलेल्या मातीचा सामू बदलतो, विरघळलेला सेंद्रिय पदार्थ वाढतो आणि अडकलेला धातू थोडा सैल होऊन मुळांना मिळू शकतो. काही धातू त्यांच्या अंगातच राहतो. गांडुळाकडे कॅडमियमला बांधून ठेवणारी प्रथिने असतात, म्हणून मातीतल्यापेक्षा कितीतरी जास्त कॅडमियम अंगात घेऊनही ते जगते. ते कॅडमियम मग गांडूळ टोचणाऱ्या बगळ्याच्या आणि कोंबडीच्या पोटात जाते.

म्हणूनच 'गांडुळे विष खाऊन टाकतात' या जाहिरातींचा मला राग येतो. कारखान्याच्या गाळाचे गांडूळखत केले, तर सेंद्रिय भाग कुजून ढीग कमी होतो. धातू कुजत नाही. गांडुळांच्या अंगात गेलेला थोडा वाटा सोडला, तर उरलेला धातू आता कमी वजनाच्या खतात असतो, म्हणजे किलोमागे वाढतोच. शेण, पाला, भाजीचे देठ यांचे खत करा, ते उत्तम. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात राधा काळे यांनी गांडुळांवर मोठे काम केले आणि सेंद्रिय शेतीतल्या गांडुळाला सिंड्रेला म्हटले. पण सिंड्रेलालाही घाण उपसायला लावायची तर ती कुठली घाण, हे आधी पाहायला हवे.

कॅडेट मित्रांनो, आपल्यालाही हा विषय परका नाही. फायरिंग रेंजवर तुम्ही .२२ च्या ज्या गोळ्या चालवता त्या शिशाच्या असतात आणि सगळ्या मागच्या मातीच्या बटमध्ये जाऊन बसतात. ओल्या मातीत शिशावर पांढरट पूड चढते, ती कणाकणाने मातीत मिसळते. बटवर गवत आणि गांडुळे असतात आणि पावसाळ्यात चिमण्या-मैना तिथे टिपताना दिसतात. रेंजवरून आल्यावर मेसमध्ये बसण्याआधी साबणाने हात धुवा असे उस्ताद ओरडतात, त्याचे कारण हेच.

वाळवीबद्दल थोडे. बनशंकरीच्या दक्षिणेला तुरहळ्ळीच्या जंगलात वारुळे पुष्कळ. वाळवी खालून बारीक ओली माती वर आणते आणि तिचे भुयारमार्ग पाणी खाली नेतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त वारूळ हे खालच्या पाण्याची खूण म्हणून सांगितले आहे. आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात सोन्याचा शोध घेणारे वारुळाची माती तपासतात. जे सोने वर आणते ते खालचे इतर धातूही वर आणणार, हे ओघाने आले.

सोमवारी वर्गात मी त्या कॅडेटला विचारले, "विहिरीला कठडा आहे का? फवारणीचा पंप कुठे धुता?" तो थोडा थांबून म्हणाला, "विहिरीवरच, सर. तिथंच पाणी असतंय." कठडा एका बाजूने ढासळला होता आणि पावसात शेतातले पाणी तिथून आत उतरत होते. शेजारच्या बोअरच्या केसिंगभोवती चांगली बोटभर फट होती. म्हणजे दीड फूट खोल गांडुळाच्या बिळाची चिंता करत असताना थेट तळापर्यंत जाणारे माणसाने केलेले बीळ उघडेच होते.

मी त्याला चार गोष्टी लिहून दिल्या. पंप विहिरीपासून दूर, पिकातच धुवायचा. केसिंगभोवती सिमेंटचा उताराचा ओटा करायचा. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर दोन दिवस फवारणी थांबवायची आणि शक्य तिथे हलके पाणी आधी द्यायचे. पाचट जाळायचे नाही, सरीत पसरायचे, कारण त्याच्या कुजण्याने वाढणारा कर्ब ॲट्राझिनला वरच धरून ठेवतो आणि पाचटाखाली तणही कमी उगवते, म्हणजे औषधच कमी लागते. आज्जीसाठी पिण्याचे पाणी तूर्त गावच्या नळाचे आणायचे आणि विहिरीचे पाणी एकदा तपासून घ्यायचे. उकळून ॲट्राझिन जात नाही, हेही मुद्दाम लिहिले.

दिवाळीच्या सुटीत तो आपल्या उसात गांडुळे मोजून आला. त्यासाठी मोहरीची पूड पाण्यात कालवून फूटभर चौकोनात ओतायची. तिखटपणाने गांडुळे वर येतात, मोजून स्वच्छ पाण्यात धुवून परत सोडायची. पाचट ठेवलेल्या दोन सऱ्यांत त्याला अकरा मिळाली, जाळलेल्या तुकड्यात एक. दोन चौकोनांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "माहीत आहे सर, पण बाबांनी उरलेलं पाचट जाळलं नाही." ओटा झाला आहे. कठड्याचे काम ऊस तुटल्यावर करणार आहेत.